गाण्याची फाइल नेमकी राहते कुठे? संग्रह-सॉफ्टवेअर, दुहेरी प्रती आणि हरवलेल्या नोंदी

ओसरीवरचा श्रोता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वडिलांनी जमवलेल्या १८० कॅसेट मी गेल्या दीड वर्षात संगणकावर उतरवून घेतल्या. त्यांत नाट्यसंगीताच्या मैफली आहेत, मिरजेच्या आमच्या घराजवळच्या देवळात झालेली कीर्तने आहेत आणि रेडिओवरून भरून घेतलेले बरेच काही आहे. सगळ्या कॅसेट साठ मिनिटांच्या. आवाजात काहीही उणे व्हायला नको म्हणून मी वेव्ह स्वरूप घेतले, ४४,१०० हर्ट्झ आणि १६ बिट. एका कॅसेटला सुमारे ६३५ मेगाबाइट, सगळ्या मिळून ११४ गिगाबाइटच्या आसपास. प्रत्येक बाजूची एक फाइल आणि नावे अगदी साधी : टेप_०४७_अ, टेप_०४७_ब.

नंतर हे सगळे फोल्डर मी एका गीतसंग्रह-सॉफ्टवेअरमध्ये ओढून टाकले. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण सूचना नीट न वाचण्याचा दोष माझाच आहे. त्यात तीन महिने रोज रात्री बसून मी गायक, राग, ठिकाण, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण अशी सगळी माहिती भरली. आई शेजारी बसून सांगत असे. एका मैफलीचे साल तर तिने श्रोत्यांतल्या एका ओळखीच्या खोकल्यावरून सांगितले.

गेल्या आठवड्यात लॅपटॉपची २५६ गिगाबाइटची डिस्क भरली. शोधले तेव्हा लक्षात आले की प्रत्येक ध्वनिमुद्रण दोन ठिकाणी आहे : एक माझ्या मूळ फोल्डरमध्ये आणि एक सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. एक संच जास्तीचा आहे असे समजून मी सॉफ्टवेअरमधून सगळे निवडून काढून टाकले. त्याने काहीतरी विचारले, मी होकार दिला. आता माझ्याकडे टेप_०४७_अ आहे, पण त्यात कोण गात आहे हे सांगणारे एक अक्षरही उरलेले नाही. न सांगता दुसरी प्रत का केली गेली, माझी माहिती गेली कुठे आणि ती परत मिळेल का, हे कोणी समजावून सांगेल का?

कळफलक

सर्वांत आधी, त्या लॅपटॉपवर नवीन काहीही उतरवू नका. कचरापेटी रिकामी केली आहे का तेही पाहा. डिस्क एसएसडी प्रकारची असेल तर पुसलेली जागा ट्रिम नावाच्या आज्ञेमुळे लवकरच खरोखर रिकामी होते, त्यामुळे जुन्या चुंबकीय डिस्कवर चालणारे परत मिळवण्याचे उपाय येथे फारसे चालत नाहीत.

आता माहितीबद्दल. या सर्व सॉफ्टवेअरांत दोन निरनिराळ्या वस्तू असतात आणि पडद्यावर त्या एकच दिसतात. एक म्हणजे ध्वनीची फाइल आणि दुसरी म्हणजे सॉफ्टवेअरची नोंदवही. ॲपलच्या आयट्यून्समध्ये ती आयटीएल या विस्ताराची फाइल होती, रिदमबॉक्स एक्सएमएल म्हणजे साधी वाचता येणारी मजकूर-फाइल ठेवते, तर बीट्स आणि स्ट्रॉबेरी ही सॉफ्टवेअरे एसक्यूलाइटची विदागारे (डेटाबेस) वापरतात. नोंदवहीत प्रत्येक गाण्यापुढे त्याची फाइल कुठल्या मार्गावर आहे, किती वेळा ऐकले, किती तारे दिले, कोणत्या प्लेलिस्टमध्ये आहे हे लिहिलेले असते. गायकाचे नाव, गाण्याचे नाव यांसारखी माहिती सामान्यतः दोन्हीकडे असते : नोंदवहीतही आणि फाइलच्या पोटातील टॅगमध्येही. एमपीथ्री असेल तर आयडीथ्री टॅग, फ्लॅक असेल तर त्याच्या स्वतःच्या टिपा.

वेव्ह मात्र येथे अडचणीचे आहे. त्या स्वरूपात माहिती ठेवायला जागा नाही असे नाही. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये प्रसारणासाठी वेव्हचा एक विस्तारित प्रकार ठरवला, तो नेमका अशा नोंदींसाठीच होता. परंतु घरगुती वापराची बरीच सॉफ्टवेअरे वेव्हमध्ये टॅग लिहीतच नाहीत, आयट्यून्सही लिहीत नसे. तुम्ही खिडकीत नाव टंकता, ते पडद्यावर दिसते, पण उमटते फक्त नोंदवहीत. तुमचे तसेच झाले असावे. नोंदी काढल्याबरोबर तीन महिन्यांचे काम त्यांच्याबरोबर गेले. तुमची मूळ फाइल शिल्लक राहिली, पण ती पहिल्या दिवसापासून निनावीच होती.

तिसरी घंटा

मी एका सार्वजनिक ग्रंथालयात एकतीस वर्षे काम केले, त्यामुळे मला हे ओळखीचे वाटले. आमच्याकडे दाखल नोंदवही असते आणि कपाटे असतात. नोंदवही जळाली तरी ग्रंथालय पुन्हा उभे करता येते, कारण प्रत्येक पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठामागे दाखल क्रमांकाचा शिक्का असतो आणि पुस्तकावर लेखकाचे नाव तर छापलेलेच असते. श्रोतेसाहेबांच्या कपाटात पुस्तके आहेत, पण सगळ्यांची मुखपृष्ठे कोरी.

दुसरे असे की नोंदवहीतून नाव खोडणे आणि पुस्तक रद्दीत देणे या आमच्याकडे दोन वेगळ्या कृती आहेत, आणि दुसरीसाठी ठराव लागतो. एका होकारात दोन्ही गोष्टी होत असतील तर तो होकार कसला होता हे पाहायला हवे.

सफरचंदवाला

तिसरी घंटा ताईंनी विचारलेल्या होकाराचे उत्तर मी आयट्यून्सच्या उदाहरणाने देतो, कारण ते मी २००४ पासून वापरत होतो आणि आता त्याच्या जागी आलेले ॲपलचे म्युझिक हे सॉफ्टवेअर वापरतो. श्रोतेसाहेबांचे सॉफ्टवेअर कोणतेही असो, तत्त्व बहुधा हेच असेल.

आयट्यून्स जानेवारी २००१ मध्ये आले. त्याच्या प्रगत सेटिंगमध्ये दोन खुणा असत आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र होत्या, हे बहुतेकांच्या लक्षात येत नसे. पहिली खूण लावली की संग्रहात घातलेल्या फाइलची एक प्रत सॉफ्टवेअरच्या मीडिया फोल्डरमध्ये केली जाई. मूळ फाइल जागच्या जागी राहत असे आणि त्यानंतर संग्रहाचा तिच्याशी काही संबंध उरत नसे. दुसरी खूण लावली की मीडिया फोल्डरमधील फाइलींची नावे आणि जागा टॅगप्रमाणे बदलल्या जात : गायकाचे फोल्डर, त्यात अल्बमचे फोल्डर, त्यात क्रमांक आणि गाण्याचे नाव. तुम्ही पडद्यावर गायकाचे नाव दुरुस्त केले की डिस्कवर फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात जाई. पहिली खूण नसताना फक्त दुसरी लावली, तर बाहेरच्या फाइलींना हात लागत नसे.

काढून टाकण्याचा नियमही यावरच बेतलेला आहे. फाइल मीडिया फोल्डरमध्ये असेल तर सॉफ्टवेअर विचारते की ती कचरापेटीत टाकायची की राहू द्यायची. फाइल बाहेर असेल तर फक्त नोंद जाते आणि तसे काही विचारले जात नाही. म्हणजे तो प्रश्न समोर आला यावरूनच कळते की तुम्ही सॉफ्टवेअरने केलेल्या प्रतीबद्दल निर्णय घेत होता, मूळ संचाबद्दल नव्हे. मूळ संच त्यामुळेच वाचला आहे.

आणखी एक आज्ञा लोकांची डिस्क भरते, ती म्हणजे सर्व फाइली एकत्र करण्याची. इकडेतिकडे विखुरलेली गाणी एका मीडिया फोल्डरमध्ये आणण्यासाठी ती आहे, आणि नावावरून वाटते की ती फाइली हलवत असेल. ती हलवत नाही, प्रत करते. मूळ फाइली तशाच राहतात.

मुलुंडकर

याच कारणासाठी मी माझे फोल्डर कोणत्याही सॉफ्टवेअरच्या हाती देत नाही. फूबार२००० किंवा तत्सम काहीतरी घ्यावे, त्याला फोल्डर दाखवावे, ते वाचेल आणि वाजवेल. फाइल कुठे ठेवायची हे मी ठरवणार. बाहेरच्या डिस्कवर गायकाप्रमाणे फोल्डर करून ठेवले की नोंदवहीची गरजच राहत नाही.

कळफलक

मुलुंडकर, तुमच्या पद्धतीला माझा विरोध नाही, पण फोल्डर म्हणजे वर्गीकरण नव्हे. एका फाइलला एकच फोल्डर मिळते. नाट्यसंगीताच्या एका कॅसेटवर सहा गायक असतील तर ती कॅसेट गायकाप्रमाणे सहा ठिकाणी फुटते किंवा कोणा एकाच्या नावावर जाते. म्हणूनच टॅगमध्ये गाण्याचा कलाकार आणि अल्बमचा कलाकार अशी दोन वेगळी घरे असतात, आणि आयट्यून्समध्ये संकलन असल्याची एक खूण होती. ती लावली की फाइली गायकांच्या फोल्डरांऐवजी संकलनांच्या एका फोल्डरमध्ये जात.

शिवाय नोंदवही नको म्हणणाऱ्यांचीही नोंदवही असतेच. तुमचे फूबार दाखवलेल्या फोल्डरांतील माहिती स्वतःच्या विदागारात साठवते, नाहीतर प्रत्येक शोधाला ते हजारो फाइली उघडत बसले असते. फरक इतकाच की फाइलींची जागा ते स्वतःहून बदलत नाही. फोल्डरांच्या रचनेचा मालक तुम्ही तरी असावे किंवा सॉफ्टवेअरने तरी. दोघांनी मिळून एकच फोल्डर सांभाळायचे ठरवले की घोटाळा होतो : तुम्ही एक्सप्लोररमध्ये नाव बदलता आणि विंडोजवरच्या आयट्यून्समध्ये त्या गाण्यापुढे उद्गारचिन्ह येते, कारण नोंदवहीत जुनाच मार्ग असतो.

सफरचंदवाला

येथे एक भर घालतो. मॅकवर हेच नाव बदलले तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही, कारण तेथे नोंदवही केवळ मार्ग न ठेवता फाइलची अंतर्गत ओळखही ठेवते. त्याच डिस्कवर फाइल इकडची तिकडे गेली तरी ती सापडते. विंडोजवर ही सोय नव्हती. म्हणून एकाच सॉफ्टवेअरबद्दल एक मित्र म्हणतो की काही होत नाही आणि दुसरा म्हणतो की सगळे मोडले, आणि दोघेही खरे बोलत असतात.

बाहेरच्या डिस्कचे दुखणे मात्र दोन्हीकडे आहे. विंडोजवर आज ती एफ असते, उद्या आधी दुसरा पेनड्राइव्ह लावला तर ती जी होते आणि हजारो गाण्यांपुढे उद्गारचिन्हे येतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला शेवटच्या अक्षरांपैकी एखादे कायमचे देऊन टाकावे. याहून फसवा प्रकार असा की मीडिया फोल्डर बाहेरच्या डिस्कवर आहे आणि ती न लावताच आयट्यून्स उघडले, तर ते गाजावाजा न करता संगणकातील मूळ जागेकडे वळते. त्या काळात घातलेली गाणी आतल्या डिस्कवर जातात आणि संग्रह दोन ठिकाणी विभागतो. माझी तेराशे गाणी अशीच दोन वर्षे आतल्या डिस्कवर पडून होती. डिस्क लावायची आठवण मला राहिली नव्हती, एवढेच.

मुलुंडकर

मान्य, माझीही नोंदवही आहे. पण माझा दुसरा अनुभव सांगतो. एकदा मी बीट्स वापरून पाहिले. त्याने माझ्या 'पु. ल.' या फोल्डरच्या नावातील शेवटचा ठिपका काढून तेथे खालची रेघ घातली. याचे कारण काय असावे?

कळफलक

कारण विंडोज आहे. तेथे फोल्डरच्या नावाच्या शेवटी ठिपका चालत नाही, तसेच प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारका, तिरकी रेघ यांसारखी चिन्हेही नावात चालत नाहीत. संग्रह कधीतरी विंडोजवर जाईल असे धरून अशी सॉफ्टवेअरे आधीच ती चिन्हे बदलतात. आपल्याकडे आद्याक्षरांची नावे इतकी आहेत की हा फटका आपल्याला इतरांपेक्षा जास्त बसतो. टॅगमध्ये मात्र ठिपका शाबूत असतो, आणि पडद्यावर दिसते ते टॅगमधलेच नाव. फाइलच्या नावाला यापेक्षा जास्त महत्त्व देऊ नये.

आता मराठी नावांची गोष्ट निघालीच आहे तर दोन गोष्टी सविस्तर सांगतो, कारण प्रती करताना त्या हमखास आडव्या येतात.

पहिली लांबीची. लिनक्सवरच्या ईएक्सटी४ या फाइलव्यवस्थेत (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. येथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द वाचताना चार अक्षरांचा आहे, पण व्यंजने, हलन्त आणि मात्रा मोजल्या तर तो अकरा चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइटचा होतो. एकूण ८५ चिन्हे झाली की मर्यादा संपते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये ही मर्यादा बाइटांत नसून यूटीएफ-१६ च्या २५५ एककांत मोजली जाते, त्यामुळे 'अमुक बुवांचे कीर्तन, पूर्वरंग आणि उत्तररंग, अमुक ठिकाण, अमुक तिथी' असे लांबलचक नाव तेथे सुखाने राहते आणि लिनक्सवर चालणाऱ्या घरगुती साठवण-पेटीवर प्रत करताना अडते. ती पेटी ईक्रिप्टएफएसने कूटबद्ध केलेली असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हे.

दुसरी गोष्ट 'ऱ' ची. 'दौऱ्यातील मैफल' या नावातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि युनिकोडच्या नियमानेही ते समान आहेत. परंतु मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नाव साठवताना ते विघटित करून, म्हणजे दुसऱ्या प्रकाराने ठेवत असे, तर लिनक्स जे बाइट मिळतील तेच ठेवते आणि वेगळे बाइट म्हणजे वेगळे नाव मानते. एकदा विंडोजवरून आणि एकदा एचएफएस प्लसच्या डिस्कवरून त्याच पेटीवर बॅकअप घेतला की 'दौऱ्यातील मैफल' नावाच्या दोन फाइली शेजारीशेजारी उभ्या राहतात आणि माणूस डोळे चोळत बसतो. मॅकच्या २०१७ नंतरच्या एपीएफएस या फाइलव्यवस्थेत नाव दिले तसेच ठेवले जाते आणि दोन्ही रूपे एकच मानली जातात. जुन्या बाहेरच्या डिस्कवर मात्र एचएफएस प्लस अजून सापडते. प्रती घेण्यासाठी आरसिंक हे साधन वापरणाऱ्यांनी त्यातील वर्णसंकेत बदलण्याचा पर्याय पाहावा. 'सुऱ्या', 'वाऱ्या', 'पायऱ्या' असे शब्द मराठीत पावलोपावली आहेत, तेव्हा हे दुर्मिळ प्रकरण नाही.

तिसरी घंटा

नावांच्या बाबतीत आमच्या कामातील एक गोष्ट येथे उपयोगी पडेल. एकाच व्यक्तीचे नाव एकाच रूपात लिहायचे, हे तालिका करताना पहिल्या दिवशी शिकवतात. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि रोमन लिपीतील तेच नाव ही सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तीन माणसे आहेत, आणि ते तीन फोल्डर करणार. उपाधी नावाच्या घरात न लिहिता टिपेच्या घरात लिहावी. एकदा ठरवलेले रूप कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवून ठेवावे. मी अजूनही ठेवते.

वाकळ

मला तांत्रिक माहिती फारशी नाही, पण टॅग आणि फाइलचे नाव यांतील फरक मी एकदा प्रत्यक्ष पाहिला आहे. आत्याच्या जुन्या आयपॉडमध्ये सुमारे नऊशे गाणी होती आणि ज्या संगणकावरून ती भरली होती तो केव्हाच भंगारात गेला होता. आयपॉड संगणकाला डिस्क म्हणून जोडला आणि लपवलेले फोल्डर दाखवायला सांगितले. तेव्हा आत एफ००, एफ०१ अशा नावांचे फोल्डर दिसले आणि त्यांत चार रोमन अक्षरांची निरर्थक नावे असलेल्या फाइली. आत्या म्हणाली, सगळे सडले वाटते. पण त्या फाइली नव्या संग्रहात घातल्याबरोबर प्रत्येक गाणे आपापल्या नावाने, गायकाने आणि अल्बमने उभे राहिले. प्लेलिस्ट तेवढ्या गेल्या.

काही नावे मात्र अगम्य रोमन चिन्हांत दिसत होती. ती कोणीतरी 'शिवाजी' फॉन्टमध्ये टंकलेली होती असे नंतर कळले.

कळफलक

वाकळताई, उत्तम उदाहरण. आयपॉड आपल्या विदागारावरूनच गाणी शोधत असे, त्यामुळे फाइलला अर्थपूर्ण नाव देण्याची त्याला गरजच नव्हती. प्लेलिस्ट त्या विदागारात होत्या, टॅग फाइलींत होते. तुम्ही फाइली आणल्या, विदागार आणले नाही.

श्रोतेसाहेब, एक विचारायचे राहिले. तुमच्याकडे बाहेरच्या डिस्कवर काही बॅकअप आहे का? ध्वनिफाइली नसल्या तरी चालतील, नोंदवहीची जुनी प्रत असली तरी पुष्कळ झाले. आयट्यून्स आवृत्ती बदलताना आधीची नोंदवही जुन्या संग्रहांच्या फोल्डरमध्ये ठेवत असे, आणि इतर सॉफ्टवेअरांना वाचता यावी म्हणून एक एक्सएमएल प्रतही तयार करत असे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असे काही आहे का ते पाहा.

ओसरीवरचा श्रोता (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. कचरापेटी मी त्याच दिवशी रिकामी केली होती, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. पण चार महिन्यांपूर्वी मुलीने लॅपटॉपमधील कागदपत्रांचे फोल्डर एका डिस्कवर उतरवून ठेवले होते, आणि त्यात सॉफ्टवेअरची एक एक्सएमएल फाइल सापडली. ती उघडल्यावर आईने सांगितलेली नावे ओळीने दिसली, तेव्हा मी उठून दोन मिनिटे ओसरीवर जाऊन बसलो.

आता नवी अडचण अशी की त्या नोंदींत फाइलींचे मार्ग आहेत ते सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधील, पुसल्या गेलेल्या प्रतींचे. त्या प्रतींची नावे त्याने माझ्या माहितीप्रमाणे बदलली होती. माझ्याकडे उरलेल्या फाइलींची नावे टेप_००१_अ पासून सुरू होतात. कोणती नोंद कोणत्या फाइलची, हे जुळवायचे कसे? ३६० बाजू पुन्हा ऐकायच्या म्हटले तर १८० तास लागतील.

कळफलक

ऐकायची गरज नाही. त्या एक्सएमएलमध्ये प्रत्येक नोंदीखाली फाइलचा आकार बाइटांत आणि लांबी मिलिसेकंदांत दिलेली आहे का? आयट्यून्सच्या फाइलीत ती असते. असेल तर तुमच्या दुर्दैवाचाच येथे उपयोग होणार आहे. सॉफ्टवेअरने वेव्हमध्ये टॅग लिहिले नाहीत, म्हणून त्याने केलेली प्रत मूळ फाइलशी बाइटागणिक सारखी होती. एमपीथ्री असती तर टॅग लिहिताना प्रतीचा आकार बदलला असता आणि जुळवणी चुकली असती. हाताने थांबवलेल्या अर्ध्या तासाच्या दोन ध्वनिमुद्रणांचा आकार शेवटच्या बाइटपर्यंत सारखा निघणे जवळपास अशक्य आहे. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून देतो, ती आकारावरून जोड्या लावील. आधी मूळ फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि ती होईपर्यंत काहीही चालवू नका.

ओसरीवरचा श्रोता (धागाकर्ता)

स्क्रिप्ट चालवली. एक्सएमएलमध्ये पहिल्या ११२ कॅसेटांच्या म्हणजे २२४ बाजूंच्या नोंदी होत्या, कारण ती प्रत घेतली तेव्हा माझे काम तेथवरच आले होते. त्यांपैकी २१७ पहिल्याच फटक्यात जुळल्या. उरलेल्या सात बाजूंचा आकार अगदी एकसारखा निघाला. नंतर आठवले की त्या दिवशी मी पाहुण्यांत होतो आणि ध्वनिमुद्रण ३१ मिनिटांनी आपोआप थांबेल असे लावून ठेवले होते. त्या सात मी ऐकून लावल्या.

आता एक प्रश्न उरतो. ही माहिती फाइलच्या आत कायमची जावी यासाठी स्वरूप कोणते घ्यावे? आणि दुहेरी प्रती शोधणारे एखादे विश्वासार्ह साधन आहे का? चार-पाच कॅसेट मी चुकून दोन वेगवेगळ्या टेपरेकॉर्डरवर दोनदा उतरवल्या आहेत.

सफरचंदवाला

स्वरूप फ्लॅक किंवा अलॅक. दोन्हींत ध्वनीचा एकही बाइट जात नाही आणि आकार साधारण निम्म्यावर येतो. दोन्हींत टॅग आतच राहतात. ॲपलचे म्युझिक वापरणार असाल तर अलॅक घ्या, कारण ते सॉफ्टवेअर फ्लॅक संग्रहात घेत नाही. अन्यथा फ्लॅक घ्या. उद्या मन बदलले तर एकातून दुसऱ्यात कितीही वेळा जाता येते.

ॲपलच्या मेघातील संग्रहावर मात्र बॅकअप म्हणून विसंबू नका. तेथे अलॅक किंवा वेव्ह चढवताना २५६ केबीपीएसच्या एएसीमध्ये रूपांतर होते, आणि दोन तासांहून लांब किंवा २०० मेगाबाइटांहून मोठी फाइल चढवली जात नाही. जी गाणी त्यांच्या दुकानात सापडतात ती चढवली न जाता तिथल्या प्रतीशी जोडली जातात. देवळातील कीर्तन तेथे सापडण्याचा प्रश्न नाही, पण प्रसिद्ध गायकाची घरगुती मैफल दुकानातील ध्वनिमुद्रणाशी चुकून जोडली जाऊ शकते.

कळफलक

फ्लॅकचा आणखी एक गुण येथे फार उपयोगी आहे. मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेला एक छोटा आकडा, फाइलच्या शीर्षभागातच लिहिलेला असतो, आणि तो फक्त ध्वनीचा असतो, टॅगचा नव्हे. तुम्ही दहा वेळा गायकाचे नाव दुरुस्त केले तरी ठसा बदलत नाही. त्यामुळे दहा वर्षांनी फाइल तपासायला सांगितली की आतला ध्वनी शाबूत आहे की नाही हे कळते. पूर्ण फाइलचा ठसा घेऊन ठेवला असता तर एक मात्रा बदलली तरी तो निरुपयोगी झाला असता.

टॅग बदलण्याचा बॅकअपशीही संबंध आहे. आयडीथ्रीची दुसरी आवृत्ती फाइलच्या सुरुवातीला बसते आणि तिच्यामागे थोडी मोकळी जागा राखलेली असते. नवी माहिती त्या जागेत मावली तर तेवढाच भाग लिहिला जातो, नाही मावली तर संपूर्ण फाइल नव्याने लिहावी लागते. फ्लॅकमध्येही अशीच राखीव जागा असते. मोठे मुखपृष्ठचित्र घालताना हेच घडते, आणि रात्रीचा बॅकअप मग शेकडो फाइली नव्या समजून पुन्हा उतरवतो. म्हणून चित्रे घालायची असतील तर एकदाच, ठरवून घाला.

दुहेरी प्रतींबद्दल : आयट्यून्समधील शोध फक्त नाव, कलाकार यांसारख्या नोंदींवर चाले. त्याच गायकाचा यमन तीन मैफलींत असेल तर त्या तीन 'दुहेरी' दिसतील, आणि त्यांतील दोन पुसणे म्हणजे अनर्थ. पिकार्ड या टॅग भरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वापरला जाणारा ध्वनिठसा प्रत्यक्ष आवाजावरून काढला जातो, त्यामुळे स्वरूप बदलले तरी गाणे ओळखू येते. पण तुमच्या बाबतीत तोही कदाचित फसेल. तो स्वरांच्या उंचीवर आधारलेला आहे, आणि दोन जुन्या टेपरेकॉर्डरांचा वेग क्वचितच तंतोतंत जुळतो. एकावर काळी चार लागली असेल तर दुसऱ्यावर ती जराशी चढी लागते. येथे कानच वापरा.

तिसरी घंटा

आणि कोणती ठेवायची ते आईंना विचारा. मूळ स्वर कोणता होता हे यंत्रापेक्षा त्यांना अधिक खात्रीने सांगता येईल.

ओसरीवरचा श्रोता (धागाकर्ता)

तसेच केले. पाचपैकी चार कॅसेटांत आईने लगेच निवड केली. पाचवीत तिने दोन्ही नाकारल्या आणि टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलून पुन्हा उतरवायला सांगितले.

सगळ्या फाइलींचे फ्लॅक केले आहे आणि सावरलेली माहिती थेट त्यांत लिहिली आहे. सॉफ्टवेअरमधील प्रत करण्याची खूण काढली, त्याला फोल्डर फक्त दाखवले. खात्री करण्यासाठी दहा फाइली मुलीच्या संगणकावर नेऊन वेगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. तबलजींची नावेसुद्धा आली. संपूर्ण संच एका बाहेरच्या डिस्कवर आणि दुसरा बहिणीकडे सांगलीला ठेवला आहे.

११३ ते १८० या कॅसेटांची माहिती मात्र गेली ती गेलीच. कालपासून रात्री नऊला आई पुन्हा शेजारी येऊन बसते. काल ११३ ची 'अ' बाजू झाली. मागच्या वेळी तिने हार्मोनियमवाल्याचे जे नाव सांगितले होते ते चुकीचे होते असे ती आता म्हणते.